सरड्याचा श्रावण

लेकीला मी जे फोटो पाठवायचो, त्यात सरडा नेहमी सुपारीशेजारी असायचा. आधी एकदा नारळाशेजारी ठेवून काढला होता. तो बघून मलाच धस्स झालं. नारळ डोंगराएवढा आणि त्याच्या पायथ्याशी हा, वाळक्या शेंगेसारखा. तो फोटो मी पुसून टाकला. मग पानाच्या तबकातली सुपारी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली, फोन पार जमिनीला टेकवला आणि खालून वर फोटो काढला. सरडा एकदम मगरीसारखा दिसायला लागला. लेकीचं लगेच उत्तर आलं, "बाबा, केवढो झालो ह्यो!" त्यावर मी अंगठा पाठवून दिला.

मी कमी बोलतो. आमचं घर वालावलच्या अलीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला. नोकरी कुडाळला, कचेरीत. तिथे माझी ख्याती अशी की साहेबांनी काही विचारलं तर मी फाइल पुढे करतो. घरीही तसंच. लेक पुण्याला नोकरीला लागली तेव्हापासून तिचा फोन यायचा तो माझ्या फोनवर, कारण बायकोचा फोन कायम डाळीच्या डब्यामागे. लेक म्हणायची, "बाबा, कसे आसात?" मी म्हणायचो, "बरो. घे, आवशीकडे दितंय." एवढं बोलून मी फोन स्वयंपाकघरात नेऊन द्यायचो आणि माजघरात बसून मायलेकींचं बोलणं ऐकत राहायचो. चांगलं अर्धा-पाऊण तास चालायचं. माझ्या वाटणीचं बोलणं काय असतं, ते काही मला सुचायचं नाही.

मे महिन्यात लेक आली ती एक काचेची पेटी घेऊन. पुण्यात तिने खोली बदलली होती आणि नव्या घरमालकीणबाईंना जनावर चालत नव्हतं. पेटीत वाळू, एक ओंडका, वरून एक दिवा, आणि ओंडक्यावर हा. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला सरडा. इंग्रजीत त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. गळ्याखाली काटेरी कातडी असते; राग आला की ती फुगवून काळी करतो, म्हणून दाढीवाला. आमचा तेव्हा करंगळीएवढा होता आणि पुढे करंगळीएवढीच शेपूट. लेकीने त्याला एक झोकदार नाव दिलं होतं, पण ते बायकोच्या तोंडात बसेना. ती म्हणाली, "पावणो म्हणतंय मी. दोन म्हयन्यांनी न्हेशीत मा ह्येका?"

"बघतंय गो आई, दुसरी खोली गावली की."

जाताना लेकीने सगळं मलाच समजावलं. दिवा रोज दिवसभर लावायचा, तो साधा दिवा नाही, उन्हाचं काम करतो. लहानपणी किडे जास्त आणि पाला कमी, मोठेपणी उलट. "चतुर्थीक येयन तवसर शेपटीसकट हातभर दिसाक होयो, बाबा. ह्या वयात ते झपाझप वाढतत." मी मान डोलावली.

आणि मग एक गंमत झाली. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा आणि मी सवयीने स्वयंपाकघराकडे निघालो की फोनमधून आवाज यायचा, "बाबा, आवशीकडे देव नुकात. पावण्याचा इचारूचा आसा." मी उंबरठ्यावरच थांबायचो. काय खाल्लं? टोळ. किती? मूठभर. कसे पकडलात? शेताच्या बांधावर, पंचाने. पंचाने? दाखवा बघू कसे! मग मी फोन खिडकीत टेकवून पंचा फिरवून दाखवायचो आणि ती तिकडे पोट धरून हसायची. बायको दारात येऊन बघायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एकट्याला फोनवर एवढं बोलताना तिने पहिल्यांदा पाहिलं.

सरडा वाढत नाही हे माझ्या जुलैतच लक्षात आलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, त्याचं कारण हे एवढंच. लेकीला कळलं असतं तर ती त्याला घेऊन गेली असती. मग मला परत "बरो" म्हणून फोन आत द्यावा लागला असता.

आता सगळं लिहायचंच ठरवलंय तर चुका कुठे झाल्या तेही लिहितो. जूनमध्ये एकदा वीज गेली आणि आली ती अशी आली की टीव्ही आणि पावण्याचा दिवा दोन्ही फुकट गेले. टीव्ही मी तिसऱ्याच दिवशी दुरुस्त करून आणला. तसला दिवा कुडाळात मिळेना, सावंतवाडीतही मिळेना. शेवटी एका दुकानदाराने पिवळा बल्ब काढून दिला. "ह्यो न्हेवा. कोंबडीच्या पिल्लांक ह्योच लायतत." मला ते पटलं. पिल्लं त्याखाली वाढतात, मग सरडा का वाढणार नाही? जोडीला पेटी उचलून काचेच्या खिडकीशी ठेवली, पाऊस उघडला की थोडं ऊनही पोचेल म्हणून. लेक विचारायची, "दिवो चालू आसा मा?" मी म्हणायचो, "आसा." खोटं नव्हतं ते. दिवा चालूच होता.

दुसरी चूक श्रावणाची. दिव्याच्या अवसेला बायको मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसली होती. सुरी धुताधुता म्हणाली, "उद्यापासून घरात जीव मारूचो नाय हां. आयकलात?" मी त्याच वेळी पंचात टोळ घेऊन बांधावरून आलो होतो. ती हे मला म्हणाली, की सरड्याला, की नुसती दरवर्षीप्रमाणे म्हणाली? विचारलं असतं तर एका शब्दात निकाल लागला असता. मी पंचा झटकला. टोळ उडून गेले. दुसऱ्या दिवसापासून पावण्यालाही श्रावण लागला. सोमवार-गुरुवार तर तो आमच्याबरोबर आधीपासूनच पाळत होता, कारण त्या दिवशी आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

वाईट याचं की तो कुरकुर करायचा नाही. लाल माठ खायचा, टाकळा खायचा, भोपळ्याचा कीस तर मिटक्या मारत खायचा. गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी असते आमच्याकडे. त्या दिवशी कोवळा शेवगा मी त्याला आमच्या आधी वाढला. पोट गच्च. मग एक पुढचा पाय उचलून तो सावकाश गोल फिरवायचा, कुणी रस्त्यापलीकडून हात करावा तसा. मी फोन अगदी काचेला भिडवून लेकीला सांगायचो, "तुका हात करता बघ." ती पुण्याहून हात करायची. तिघंही खूश.

बायकोचं मात्र लक्ष होतं. एकदा पेटी पुसताना म्हणाली, "अहो, ह्यो वाडणा नाय."

"वाडता. हळूहळू."

"ह्येका कपडे शिवूचे आसते तर एकाच मापात वर्ष काढला आसता."

मी पेपर वर धरला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी लेक आली. चपला दारात, पिशवी ओटीवर, पाणीसुद्धा न घेता थेट खिडकीशी. मी मागेच होतो. पेटीत वाकून ती बराच वेळ बघत राहिली. मग ओंडक्याच्या मागे बघितलं. मग वाळूत.

"बाबा, मोठो खंय आसा?"

"कोण मोठो?"

"आपलो. ह्यो नवो हाडलात काय?"

"ह्योच तो," मी म्हणालो. आणि तिच्या तोंडाकडे बघून माझ्याकडून आणखी एक खोटं निघून गेलं. "ही जातच बारीक आसतली."

तिने त्याला तळहातावर घेतलं. शेपूट मनगटापर्यंतही पोचत नव्हती. त्याने तिच्याकडे बघून पाय फिरवला. ती हसली नाही.

संध्याकाळी मी माटीला आंब्याचे टाळे नि कवंडळं बांधत होतो. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो, तिला रानातली फळं-पानं बांधतात, ती माटी. मी स्टुलावर आणि खाली मायलेकी करंज्या करायला बसलेल्या. लेक म्हणाली, "आई, चूक माझीच. दुकानदारान रोगट पिल्लू गळ्यात मारल्यान आणि मी ता तुमच्या गळ्यात घातलंय. बाबांनी तेच्यासाठी बांधाबांधान टोळ धरल्यानी. एवढा करून पण... गणपती गेले की घेवन जातंय तेका. डॉक्टराक दाखवतंय."

"आणि तुझी घरमालकीण?"

"लपवून ठेवतंय. नायतर खोली सोडतंय."

माझ्या हातातलं कवंडळ सुटून करंज्यांच्या परातीत पडलं. "अहो, लक्ष खंय आसा?" बायको ओरडली. मी स्टुलावरून उतरलो नाही. ती माझी चूक आपल्या अंगावर घेत होती आणि मी वर स्टुलावर उभा राहून ते ऐकून घेत होतो. आजवर मी गप्प राहिलो ते माझ्यापुरतं होतं, असं मी धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी ते काही खरं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मूर्ती बसली, पूजा झाली, आरत्या झाल्या आणि गाऱ्हाण्याची वेळ आली. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे घरातल्या सगळ्यांचं मागणं आणि सगळ्यांची चूक मोठ्याने बोलून दाखवायची. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्याकडे ते काम थोरल्या भावाचं. दादा मुंबईहून येतात, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. पण यंदा त्यांनी दात काढून नवी कवळी बसवली होती आणि ती अजून त्यांचं ऐकत नव्हती. "बा गणपती" म्हणायला गेले ते शीळ वाजली. पोरं फिस्सकन हसली. दादांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि माझ्याकडे बोट केलं.

"तू घाल."

"मी?"

"मगे काय माझे दात घालतले?"

मी देवापुढे उभा राहिलो. हात जोडले. माझ्या मागे सगळं घर, शेजारपाजार. पण गाऱ्हाण्याचं एक बरं असतं: शब्द वाटेवर पडलेले असतात, आपण फक्त चालायचं.

"बा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सालाबादपरमाणे तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे जमली आसत. तेंका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"दादांच्या तोंडात ते दात नीट बसांदेत, आणि फुडच्या वर्षी ह्या काम परत तेंच्याकडे जावंदे."

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात जोरात दादाच म्हणाले, बिनदाताने.

घर हसलं. तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, पावण्याचाय घाला. तो वाढांदे."

मी डोळे मिटले. आता वाटेवर शब्द नव्हते.

"म्हाराजा, घरात एक परमुलखातलो पावणो आसा. तो वाढणा नाय."

"व्हय म्हाराजा!"

"चेडवाक, माझ्या लेकीक, वाटता तिची चूक झाली."

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!" मी एवढ्याने म्हणालो की निरांजनाची वात हलली. मागे कुणाला काय म्हणावं कळेना. दोघातिघांनी "व्हय," दोघातिघांनी "नाय" असं काहीतरी म्हणून घेतलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. "चूक माझी. तेचो दिवो जूनातच गेलो. मी कोंबडीच्या पिल्लांचो बल्ब लावलंय आणि चेडवाक सांगलंय की दिवो चालू आसा."

"व्हय म्हाराजा," जरा बिचकत.

"तेका मी सगळो श्रावण पाळूक लावलंय. एक टोळ दिलंय नाय."

"व्हय म्हाराजा!" आता कुणाच्या तरी आवाजात हसू शिरलं होतं.

"आणि तो मोठो दिसांदे म्हणान फोटोत तेच्या बाजूक सुपारी ठेवलंय!"

"व्हय म्हाराजा!" पोरांनी छप्पर उचललं.

"काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, त्या मुक्या जीवाक वाढव, आणि चेडवाच्या मनातलो घोर काढून टाक."

"व्हय म्हाराजा!"

यात एक आवाज नव्हता. मी वळलो. लेक खांबाला टेकून उभी होती, तोंडावर हात. रडते आहे असं मला वाटलं. तिने हात काढला.

"सुपारी?" ती म्हणाली.

"सुपारी," मी म्हणालो.

"बाबा! मी तो फोटो ऑफिसात सगळ्यांक दाखवलंय! मगर म्हणान!" आणि ती जी हसायला लागली ती खाली बसली. हसता हसताच मध्ये रागावली, उठून माझ्या दंडावर एक बुक्की मारली, "उपाशी मारलात तेका!" आणि परत हसली. दादा रुमालातली कवळी शोधत होते, त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण आधी बायको पुढे आली. तिच्या हातात नैवेद्याचं पान होतं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

"सरड्याचो श्रावण? कोणी सांगल्यान तुमका?"

"तूच म्हणालंस. घरात जीव मारूचो नाय."

"मी माणसांचा म्हटलंय! सरडो काय सत्यनारायण घालता? ह्या बघा, देवाच्या पोटार नाग बांधललो आसा, तो काय दुधीची भाजी खाता? एक शब्द इचारूक काय झालेला तुमका?"

देवासमोर, भरल्या घरात, मला जन्मात पहिल्यांदा कुणी एवढं बोललं आणि मी मान खाली घालून हसत होतो.

आणि जेवणं झाल्यावर आमच्या घराने जे केलं ते वाडीत कुठल्याच गणपतीला झालं नसेल. मुंबई-पुण्याहून आलेली झाडून सगळी माणसं बांधावर टोळ धरायला गेली. भात पोटरीला आलेलं, टोळ भरपूर. मी पंचा कसा टाकायचा ते शिकवलं. दादांनी धोतराचा ओचा पसरून एका टोळावर झडप घातली आणि ते चिखलात बसले. उठवायला गेलेला त्यांचा जावई त्यांच्याशेजारी बसला. बायको बांधावर छत्री घेऊन उभी, "थय बघा, थय! तुमच्या पायाकडे!" तिच्या डोळ्याला टोळ आमच्या आधी दिसायचा. घरी आल्यावर सगळे पेटीभोवती दाटीवाटीने उभे राहिले. पहिला टोळ सोडला. पावण्याने मान तिरकी केली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत टोळ त्याच्या तोंडात. टाळ्या पडल्या. आरतीला पडल्या नव्हत्या एवढ्या.

गणपती पोचवून लेक आणि मी त्याला घेऊन गोव्यात गेलो. तिथे एक डॉक्टरीणबाई अशा जनावरांचं बघतात असं लेकीने शोधून काढलं होतं. बाईंनी त्याचा जबडा चाचपला, पाय चाचपले, फोटो काढून हाडं बघितली. मग म्हणाल्या, "पोट भरलंय ह्याचं, उपाशी नव्हता. पण बाळाला नुसती पेज घालून वाढवलं तर कसं होईल, तसं झालंय. हाडं जरा मऊ आहेत." खिडकीचं ऐकून त्यांनी मान हलवली. काचेतून उजेड येतो, ऊब येते. उन्हातलं जे हाडांना लागतं ते काच आत सोडत नाही.

मी विचारलं, "आणि पाय फिरवून हात करायचा, ते कशाला?"

"मोठा कोणी समोर आला की हे लहान सरडे असं करतात. मी बारका आहे, मला काही करू नका, असं."

लेक माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचा माशांचा तक्ता वाचायला लागलो.

"जगेल ना?" मी तक्त्याकडे बघतच विचारलं.

"चांगला जगेल. रोज किडे, वर कॅल्शियमची पावडर, बरोबर दिवा, आणि सकाळचं उघडं ऊन. औषध मारलेल्या शेतातले किडे नकोत. जातीएवढा मोठा होईल असं मात्र सांगत नाही. राहील बारका." मग लेकीला म्हणाल्या, "पुण्यात खोलीत ऊन येतं का?"

येत नव्हतं. आमच्या अंगणात येतं.

परत येताना बांद्याला चहाला थांबलो. पेटी बाकड्यावर आमच्यामध्ये. लेकीने विचारलं, "फोटो कित्याक, बाबा? दिवो गेलो ता सांगला आसतात तर मी दुसरो धाडलंय नसता काय?"

गाऱ्हाण्यात जे बोललो नव्हतो ते एवढंच उरलं होतं. ते चहाच्या टपरीवर बोलणं जड गेलं. तिथे मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणी नव्हतं.

"तू तेका घेवन गेली आसतंस," मी म्हणालो. "मगे तू माझ्याशी कित्याक बोलली आसतंस?"

तिने कप खाली ठेवला. "म्हंजे?"

"माझ्याशी ह्येच्याविषयीच बोलतंस मा तू."

"मी?" ती उसळली. "बाबा, मी कसे आसात इचारलंय की तुमी 'बरो' म्हणतात आणि फोन आवशीकडे! माका वाटायचा तुमका माझ्याशी बोलाकच नको. ह्येचा इचारलंय की तुमी बोलतात. म्हणान रोज इचारतंय. तो काय खाता ता माका पाठ झाला हा!"

टपरीवाला आमच्याकडे बघायला लागला. मग तिने आणखी दोन चहा सांगितले आणि एक भजीची प्लेट, आणि मी तिला विचारलं की तिचं ऑफिस नक्की काय काम करतं. इतक्या वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं. सावंतवाडी येईपर्यंत ती सांगत होती. अर्धं समजलं नाही. मध्ये मी प्रश्नही विचारले.

पावणा आमच्याकडेच राहिला. नवा दिवा आला, पावडर आली. सकाळी त्याला अंगणात कोंबड्यांच्या डालग्याखाली उन्हात ठेवतो. डालगं नसलं तर कावळा टपलेलाच. दिवाळीपर्यंत तो नजरेत भरेल इतका वाढला. अजून जातभाईंच्या मानाने बुटकाच आहे आणि तसाच राहणार. पण परवा कुकुडकोंबा, म्हणजे भारद्वाज, डालग्याजवळ आला तर ह्याने गळा फुगवला आणि दाढी कोळशासारखी काळी केली. पक्षी दचकला की मी, सांगता येत नाही. मी बायकोला हाका मारत सुटलो.

काल संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती नोकरी सोडायचं म्हणते, मैत्रिणीबरोबर स्वतःचं काहीतरी काढायचं. मी म्हटलं, थोडं थांब. ती म्हणाली, तुमी आयुष्यभर थांबलात. मी म्हटलं, म्हणूनच सांगतो, मला थांबण्यातलं सगळं कळतं. ती म्हणाली, तुमका काय कळणा नाय. मी म्हटलं, मग मला कशाला फोन केलास? तिने रागाने फोन ठेवला. एवढं कडाक्याचं भांडण माझं उभ्या जन्मात कुणाशी झालेलं नाही. माझे कान गरम झाले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

बायको दारात आली. "पावण्याचा काय म्हटल्यान?"

मला आठवेना. मग लक्षात आलं, त्याचा विषयच निघाला नव्हता.

तेवढ्यात फोन परत वाजला. मी घाईघाईने उचलला आणि म्हणालो, "तो बरो आसा. दुपारी टोळ खाल्ल्यान."

"ता इचारूक फोन नाय केलंय, बाबा," लेक म्हणाली. "माझा बोलणा अर्ध्यार रवला हा. आता गप रवान आयका."

मी पायरीवर टेकलो. "बोल," म्हटलं.